स्केटरवर टीका करायची आहे? आधी पत्ता बरोबर लिहा

फिगर स्केटिंगच्या स्पर्धेत स्केटर किस अँड क्रायमध्ये (गुणांची वाट बघण्याच्या जागी) अजून धापा टाकत असते, गुण झळकायचे असतात, आणि इकडे चाहत्यांच्या चर्चेत निकाल लागून मोकळा झालेला असतो. "हिला पीसीएस फुकटचे मिळतात." "हा मोठ्या स्पर्धेत कोलमडणारच." "ही लुट्झ म्हणजे चक्क फ्लिप आहे." (पीसीएस म्हणजे रचना, सादरीकरण आणि स्केटिंगच्या कौशल्याचे गुण; लुट्झ आणि फ्लिप या उड्या.) यातलं एखादं वाक्य खरंही असेल. पण लिहिण्याचा क्रम उलटा असतो: आधी राग, मग शब्द, आणि पुरावा जमलाच तर शेवटी.

टीका करूच नये, असं मला म्हणायचं नाही. ज्या खेळात प्रत्येक उडीचा हिशेब छापून हातात मिळतो, तिथे टीकेला माल भरपूर आहे. घोटाळा होतो तो पत्त्याचा. उड्या तपासणाऱ्या टेक्निकल पॅनेलवरचा राग स्केटरवर निघतो, निवड समितीवरचा राग स्केटरवर निघतो, नियमपुस्तकावरचा रागही तिच्याच नावानं जातो. पत्र चांगलं लिहिलं, पण भलत्याच घरी पडलं, असा प्रकार. म्हणून खालचे टप्पे याच क्रमानं घ्या. मधला एखादा गाळलात तर पुढचा लंगडा पडतो.

१. पुन्हा बघा, पण वेगळ्या डोळ्यांनी

पहिल्यांदा बघताना आपण चाहते असतो, आणि असावंच. टीका लिहायची असेल तर मात्र निदान दोनदा परत बघावं लागतं. माझी पद्धत अशी आहे: एकदा आवाज पूर्ण बंद करून बघायचं. संगीत गेलं की वेग, एजची (ब्लेडच्या कडेवर झुकून घसरण्याची) खोली, गुडघ्याचा वापर आणि उडीआधीची लांबलचक तयारी उघडी पडते. मग आवाज लावून बघायचं, पण उड्यांकडे काणाडोळा करून. दोन उड्यांच्या मधल्या जागेत काय चाललंय? पायावर पाय टाकत नुसते क्रॉसओव्हर मारून वेग गोळा केला जातोय, की पावलं, वळणं, दिशाबदल आहेत? संगीतातला ठोका अंगात उतरतोय, की फक्त हात हलतायत?

स्पर्धेचा पहिला भाग, शॉर्ट प्रोग्रॅम, दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा असतो, दुसरा भाग, एकेरी फ्री स्केट, चार मिनिटांचं, दहा सेकंद इकडे-तिकडे. म्हणजे सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम. एवढा वेळ काढायची तयारी नसेल, तर "मला आवडलं नाही" एवढंच लिहा. तेही प्रामाणिक मत आहे आणि त्याला पुरावा लागत नाही.

> थांबा: प्रक्षेपणाच्या कोपऱ्यात चालू असणारा तांत्रिक गुणांचा आकडा पक्का नसतो. पॅनेल काही उड्या तपासणीला बाजूला काढतं, आणि कार्यक्रम संपल्यावर आकडा खाली येऊ शकतो. "स्क्रीनवर जास्त दाखवले, मग कापले" ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच जन्माला येते.

आणि हो, फक्त हायलाइट्सचा तुकडा बघून पूर्ण प्रोग्रॅमवर मत देऊ नका. त्यात उड्या आणि पडझड असते. ज्यासाठी पीसीएस मिळतात ते नेमकं कापलेलं असतं.

२. प्रोटोकॉल ओळीनं वाचा

सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

स्पर्धेनंतर प्रत्येक स्केटरचा तपशीलवार गुणतक्ता प्रसिद्ध होतो. चाहते त्याला प्रोटोकॉल म्हणतात. त्यात एकेका घटकाचं मूळ मूल्य, त्यावर प्रत्येक जजनं दिलेला जीओई (घटक किती चांगला केला त्याचा गुण) आणि खाली कॉम्पोझिशन, प्रेझेंटेशन, स्केटिंग स्किल्स हे तीन घटकगुण असतात. २०२२-२३ च्या हंगामाआधी असे पाच घटक होते. त्यामुळे जुन्या आणि नव्या प्रोटोकॉलमधले पीसीएस शेजारी ठेवून "बघा कसे फुगवले" म्हणणाऱ्याची पहिली चूक तिथेच होते.

आता खुणा. उडीच्या नावापुढे "<" दिसली की उडी पाव फेऱ्यापेक्षा जास्त, पण अर्ध्यापेक्षा कमी अपुरी राहिली. "<<" म्हणजे अर्धा फेरा किंवा त्याहून जास्त अपुरी, म्हणजे डाउनग्रेड. इंग्रजी क्यू म्हणजे नेमकी पाव फेऱ्यावर उतरलेली. इंग्रजी ई म्हणजे चुकीच्या एजवरून घेतलेली लुट्झ किंवा फ्लिप, आणि उद्गारचिन्ह म्हणजे एज स्पष्ट नाही.

या खुणांची किंमत किती, ते एकदा हातानं मांडून बघा. तिहेरी लुट्झचं मूळ मूल्य ५.९०. स्वच्छ उडी आणि सरासरी जीओई +२ असेल तर ५.९० मध्ये त्याचे २० टक्के, १.१८, मिळवायचे, झाले ७.०८. त्याच लुट्झवर "<" आली तर मूळ मूल्य ८० टक्क्यांवर येतं, म्हणजे ४.७२. वर जीओई −३, म्हणजे ३० टक्के, गेला तर हातात उरतात साधारण ३.३०. एका बारीक खुणेपायी पावणेचार गुण गेले. "<<" आली असती तर हिशेबच दुहेरी लुट्झच्या २.१० पासून सुरू झाला असता. हे एकदा कागदावर केलं की "फक्त थोडीशी कमी फिरली, एवढे गुण कसे गेले?" हा प्रश्न आपोआप मिटतो. कधीकधी तो जास्त टोकदारही होतो, पण निदान नेमका होतो.

उलट्या बाजूचं उदाहरणही करून बघा. चौपट लुट्झचं मूल्य ११.५०. फेरे पूर्ण झाले आणि मग स्केटर पडला, तर जीओई −५, म्हणजे मूल्यातून निम्मे, ५.७५, वजा. पडल्याचा आणखी १ गुण वजा. तरी ४.७५ उरतात. "पडला तरी गुण?" असा संताप दर हंगामात उसळतो. संताप असू द्या, पण तो मूल्यतक्त्यावर आहे. स्केटरनं त्या तक्त्यात बसणारा धोका पत्करला, एवढंच.

> तपासणी: तुमच्या टीकेतला मुद्दा प्रोटोकॉलच्या कुठल्या ओळीत आहे? ओळ सापडली तर तिचा उल्लेख करा. नाही सापडली, तर तो आवडीनिवडीचा मुद्दा आहे. तसं सांगून लिहा.

स्वतःची एक गोष्ट सांगतो. एका स्पर्धेतल्या लुट्झ-टो लूप या जोडउडीबद्दल मी छातीठोक लिहिलं होतं की दुसरी उडी डाउनग्रेडच व्हायला हवी होती. प्रक्षेपणातला कॅमेरा समोरून होता, ब्लेड मला आडवं टेकताना दिसलं होतं. दोन दिवसांनी कुणीतरी बाजूच्या कोनातलं चित्रण दाखवलं. उडी फार तर पाव फेऱ्यावर होती. माझ्या नजरेत खोट नव्हती, कोनात होती. तेव्हापासून फेऱ्यांबद्दल लिहिताना कोन कुठला होता ते सोबत लिहितो. उतरतानाचा ब्लेडचा पहिला स्पर्श दिसत नसेल, तर फेऱ्यांबद्दल गप्प बसणं बरं.

३. पत्ता ठरवा

आता खरं काम. तक्रार कुणाची आहे?

*टेक्निकल पॅनेल.* फेरे, एज, फिरकी आणि फूटवर्कच्या (पावलांच्या कामाच्या) लेव्हल्स, म्हणजे अवघडपणाच्या पातळ्या, हे सगळं पॅनेल ठरवतं. जज ठरवत नाहीत. "जजनी अंडररोटेशनकडे (अपुऱ्या फेऱ्यांकडे) डोळेझाक केली" हे वाक्य इतक्या वेळा वाचलंय की आता मोजणं सोडलं. खूण लावणं हे पॅनेलचं काम आहे.

*जज.* जीओई आणि घटकगुण त्यांचे. मोठ्या स्पर्धेत नऊ जज असतात, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा गुण बाजूला काढून उरलेल्यांची सरासरी घेतली जाते. म्हणून एका जजच्या एका गगनचुंबी गुणानं निकाल फिरला, असं म्हणण्याआधी तो गुण सरासरीत मोजला तरी गेला का ते बघा. २०१६-१७ पासून कुठला गुण कुणी दिला ते नावानिशी दिसतं, त्यामुळे एखाद्या जजचा आपल्या देशाकडे कल आहे असं वाटत असेल तर पाच-सहा प्रोटोकॉल पुढ्यात घेऊन दाखवता येतं. एका गुणावरून आरोप करू नये. कल दाखवायचा तर तो पुन्हापुन्हा दिसायला हवा.

*निवड करणारी संघटना.* स्केटर स्वतःला संघात घालून घेत नाही. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये चीनच्या झू यीचं काय झालं ते आठवा. सांघिक स्पर्धेच्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये पहिल्याच जोडउडीवर ती पडली, आणि काही तासांत वेइबो या चिनी समाजमाध्यमावर "झू यी पडली" हाच विषय वर आला. तिच्याऐवजी दुसरीला पाठवायला हवं होतं हा मुद्दा वादाचा असू शकतो, पण तो निवड करणाऱ्यांना विचारायचा. लोकांनी तो पडलेल्या मुलीला विचारला. फ्री स्केट संपता संपता ती बर्फावरच रडत होती.

*प्रशिक्षक आणि नृत्यदिग्दर्शक.* प्रोग्रॅमची रचना, संगीताची काटछाट, सगळ्या अवघड उड्या उत्तरार्धात ढकलणं, हे स्केटर एकटी ठरवत नाही. रचनेवर टीका करायची तर रचनेवर करा: "पावलांचा क्रम संगीताच्या संथ भागात टाकल्यामुळे मेहनत दिसत नाही." यात कुणाचा अपमान नाही आणि मुद्दा पूर्ण आहे.

*नियमपुस्तक.* वरचं पडलेल्या क्वाडचं (चौपट उडीचं) उदाहरण.

*स्केटर.* हे सगळं वजा केल्यावर जे उरतं ते. उरतंही बऱ्यापैकी: घाईघाईत घेतलेली उडी, बंद पडलेला वेग, फिरकीतली ढिली मुद्रा, दुसऱ्या अर्ध्यात संगीत सोडून देणं, नियमापेक्षा जास्त वेळा तीच उडी परत करून गुण घालवणं. यावर स्पष्ट लिहायला कुणाची हरकत नसावी.

> थांबा: निकालच पटलेला नसेल, तर विजेत्याला लक्ष्य करू नका. २०१४ च्या सोचीत अदेलिना सोत्निकोवाला २२४.५९ आणि युना किमला २१९.११ मिळाले, त्यावर आजही वाद घालता येतो. पण ते गुण सोत्निकोवानं स्वतःला दिले नव्हते. "हिला लुटलं" म्हणायचं असेल तर लुटणारा कोण तेही लिहा. बक्षीस घेणारा आणि देणारा एकच नसतो.

४. दिसलं ते लिहा. का झालं ते लिहू नका

"तिसरी उडी सिंगल (एकाच फेऱ्याची) झाली" हे दिसलेलं. "घाबरली" हा अंदाज. "सराव केलेला नाही" हाही अंदाज, आणि त्यात आळसाचा आरोप दडलाय. "वजन वाढलंय म्हणून" हा अंदाजही आहे आणि असभ्यपणाही. त्यावर पुढे येतोच.

कारणं बाहेरून दिसत नाहीत. २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्ये नोबुनारी ओदा फ्री स्केटच्या मधेच थांबला. बुटाची नाडी तुटली होती. ती थांबून दाखवली म्हणून कळलं. न थांबता पुढे गेलेल्यांच्या नाड्या, सैल झालेली ब्लेड, टाके, ताप आपल्याला कळतच नाहीत. कधीकधी दुखापतीची बातमी हंगाम संपल्यावर येते, आणि मग आपण लिहिलेलं "मन लावून केलं नाही" हे वाक्य आपल्यालाच टोचतं.

मानसिक निदान तर बिलकूल नको. २०१८ च्या प्योंगचांगमध्ये नेथन चेन शॉर्ट प्रोग्रॅमनंतर सतराव्या क्रमांकावर होता. त्या रात्री ज्यांनी "हा ऑलिंपिकचा खेळाडूच नाही" असं लिहून ठेवलं, त्यांच्यापुढे दुसऱ्याच दिवशी त्यानं सहा क्वाड घेत २१५.०८ गुणांनी फ्री स्केट जिंकली आणि एकूण पाचवा आला. चार वर्षांनी सुवर्णपदकही घेतलं. शॉर्ट प्रोग्रॅमवर टीका करण्यासारखं त्या दिवशी भरपूर होतं. माणसावर शिक्का मारण्यासारखं काही नव्हतं.

"नेहमी", "कधीच नाही", "दर वेळी" हे शब्द वापरायचे असतील तर मागच्या चार-पाच स्पर्धांचे प्रोटोकॉल काढा. बहुतेक वेळा "नेहमी" चा आकडा पाचातले दोन निघतो.

५. वाक्य घासून घ्या

एक खर्डा घेऊ. असा मजकूर रोज दिसतो:

*"ही काय लुट्झ म्हणायची? वर्षानुवर्षं फसवणूक चालली आहे आणि पॅनेल डोळे मिटून बसलंय."*

पहिलं, "फसवणूक" काढा. अपुऱ्या फेऱ्यांच्या किंवा चुकीच्या एजच्या उडीला इंग्रजीत "चीटेड जंप" म्हणायची जुनी पद्धत आहे. तिथे तो कामाचा शब्द आहे, नीतीचा नाही. मराठीत "फसवणूक" म्हटलं की मात्र ती व्यक्ती लबाड ठरते. लुट्झ बाहेरच्या एजवरून घ्यायची असते, बऱ्याच जणांचा पाय शेवटच्या क्षणी आतल्या एजवर झुकतो. ती लहानपणापासून बसलेली सवय असते आणि मोडायला वर्षं लागतात. "एज चुकली" म्हणा. "फ्लुट्झ" हा चाहत्यांचा शब्दही चालेल, त्यात डंख कमी आहे.

दुसरं, कुठली लुट्झ ते सांगा. शॉर्टमधली की फ्रीमधली? एकटी की जोडउडीतली?

तिसरं, काय दिसलं? टो-पिक (ब्लेडच्या टोकाचे दाते) बर्फात रुतायच्या आधीच्या क्षणी घोटा कुठे झुकला?

चौथं, प्रोटोकॉल काय म्हणतो? खूण आहे की नाही?

पाचवं, उलटा पुरावा असेल तर तोही लिहा. हे सगळ्यात कमी लोक करतात, आणि यानंच टीका विश्वासाची होते.

घासल्यावर:

*"फ्री स्केटमधली पहिली लुट्झ आतल्या एजवर गेलेली दिसते, टो-पिक लागण्याआधी घोटा स्पष्ट आत झुकतो. कॅमेरा मागून आहे, त्यामुळे एज नीट दिसते. प्रोटोकॉलमध्ये खूण नाही. माझ्या मते पॅनेलनं निदान उद्गारचिन्ह द्यायला हवं होतं. शॉर्टमधली लुट्झ मात्र शेवटपर्यंत बाहेरच्या एजवर टिकली."*

खर्ड्यापेक्षा हे जास्त कडक आहे, कारण आता याला उत्तर द्यायचं तर समोरच्याला चित्रण उघडावंच लागेल. शिव्या कमी केल्या की टीका बोथट होते, हा गैरसमज आहे.

पीसीएसबद्दल लिहिताना हीच पद्धत जास्त सांभाळून वापरा, कारण तिथे लोक विशेषणांवर जगतात. "भावनाशून्य", "रोबो", "कलात्मकता नाही" यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. त्याऐवजी: "पहिल्या क्वाडआधीचे तीस सेकंद जवळजवळ नुसते क्रॉसओव्हर आहेत", "संगीत थांबतं तिथे शरीर थांबत नाही", "नजर सतत बर्फाकडे". यातल्या प्रत्येक वाक्यावर कुणीतरी "नाही, परत बघ" म्हणू शकतं. चर्चा तिथून सुरू होते.

६. हात लावायचा नाही अशा गोष्टी

यादी छोटी आहे आणि तिला अपवाद नाहीत.

शरीर. वजन, उंची, वयात येताना होणारे बदल, "हलकी होती तेव्हा बरी उडायची" असले शेरे. कौतुकाच्या वेषातलेही नकोत: "किती बारीक, किती सुंदर" हेही वजनाबद्दलच बोलणं आहे. युलिया लिपनित्स्काया सोचीत पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्ण जिंकली आणि २०१७ मध्ये ॲनोरेक्सियाशी झगडत निवृत्त झाली. ग्रेसी गोल्डनंही खाण्याच्या विकाराबद्दल उघड सांगितलंय. या खेळात तो शेरा कुणाच्या तरी ताटापर्यंत पोचतो. तांत्रिक मुद्दा असेल तर तंत्राच्या भाषेत लिहा: "उडीची उंची मागच्या हंगामापेक्षा कमी आहे" पुरेसं आहे. कारण तुम्हाला ठाऊक नाही, वरच्या टप्प्यात ठरलंच आहे.

वय. सीनिअरसाठी किमान वय १५ होतं. २०२२ च्या निर्णयानुसार ते टप्प्याटप्प्यानं वाढून २०२४-२५ पासून १७ झालं. ज्युनिअरमध्ये मात्र तेरा-चौदा वर्षांची मुलं उतरतात. ज्युनिअरबद्दल लिहिताना मी स्वतःला एक साधा नियम घातलाय: फक्त उडी, फिरकी, फूटवर्क, रचना. स्वभावावर एक शब्द नाही, भविष्यवाणीही नाही. "हिचं पुढे काही होणार नाही" हे वाक्य तेरा वर्षांच्या मुलीबद्दल कुणीच लिहू नये.

चेहरा, नातीगोती, कुटुंब, राष्ट्रीयत्व, कुणाशी बोलते, प्रशिक्षक का बदलला. येवगेनिया मेद्वेदेवानं २०१८ मध्ये प्रशिक्षक बदलला तेव्हा तिला "गद्दार" म्हणणारे कमी नव्हते. नव्या तंत्रानं तिची लुट्झ सुधारली का, हा प्रश्न चर्चेला योग्य होता. निष्ठेचा नव्हता.

पोशाख? पोशाखावर बोलायला हरकत नाही, तो प्रोग्रॅमचा भाग आहे. रंग संगीताला शोभत नाही, बाह्यांमुळे हातांची रेषा हरवते, असं म्हणता येतं. बोलणं कापडाबद्दल राहू द्या, कापडाच्या आतल्या माणसाकडे वळू देऊ नका.

डोपिंगचा संशय हा "मत" या सदरात बसत नाही. अधिकृत निर्णय आला असेल तर त्याच्या शब्दांत लिहा. आला नसेल तर लिहू नका.

७. तुलना करताना

आपली आवडती स्केटर पडली की "धाडस", दुसरी पडली की "तयारी नाही". ही सवय माझ्यातही आहे. उपाय यांत्रिक आहे: वाक्यातलं नाव बदलून बघा. तेच वाक्य आपल्या आवडत्या स्केटरबद्दल वाचून राग आला, तर शब्द चुकलेत.

आवडत्याबद्दलही खरं लिहायची सवय ठेवा. युझुरू हान्यूनं बीजिंगमध्ये घेतलेला चौपट ॲक्सेल माझ्या लाडक्या क्षणांपैकी आहे. पण प्रोटोकॉलमध्ये त्यावर "<" आहे आणि तो पडलाही. १२.५० चे १०.०० झाले, जीओईनं निम्मे गेले, ५.०० उरले, पडल्याचा १ गुण वेगळा. "पूर्ण झाला होता, पॅनेलनं अन्याय केला" असं मी लिहिलं तर दुसऱ्याच्या लुट्झवर बोट ठेवायचा माझा हक्क जातो.

> तपासणी: वेगवेगळ्या स्पर्धांमधले एकूण गुण थेट तुलनेला घेऊ नका. पॅनेल वेगळं, जज वेगळे. तुलना एकाच स्पर्धेतल्या दोघींची करा, किंवा एकाच घटकाची: हिची फ्लिप, तिची फ्लिप.

८. जोडी आणि आइस डान्स

इथे एकच पथ्य: दोष वाटून देण्याची घाई नको. थ्रो उडीवर ती पडली म्हणजे चूक तिची, लिफ्ट डळमळली म्हणजे त्याची, असं सरळ नसतं. फेकण्याची वेळ चुकली की उतरणारी पडते, आणि तिनं पकड उशिरा घेतली की उचलणारा डगमगतो. ट्विझल्समध्ये (दोघांनी एकाच लयीत घ्यायच्या सरकत्या गिरक्यांमध्ये) मात्र कोण लय सोडून गेलं ते बहुधा दिसतं, तिथे नाव घेतलं तरी चालेल. एरवी "जोडीची थ्रो" असं लिहा. आणि "तिनं दुसरा जोडीदार शोधावा" हा सल्ला कुणीही मागितलेला नसतो.

९. पाठवण्याआधी, आणि चूक निघाल्यावर

स्केटरला टॅग करू नका. टीका चाहत्यांनी चाहत्यांशी बोलण्यासाठी असते. तिला थेट पाठवलेलं नेमकं विश्लेषणही त्या रात्री शंभरावा दगड असतो. तिच्याकडे प्रशिक्षक आहे, प्रोटोकॉल आहे, आणि आपण कुठे चुकलो ते तिला आपल्या आधी कळलेलं असतं.

वाईट कामगिरीनंतर एक रात्र जाऊ द्या. प्रोटोकॉल दुसऱ्या दिवशीही तोच असतो. रात्री लिहिलेलं आणि सकाळी लिहिलेलं शेजारी ठेवून पाहा, निम्मी विशेषणं सकाळी आपणच खोडतो.

कुणी तुमची चूक दाखवली तर मूळ मजकूर गुपचूप पुसू नका. खाली लिहा: "कोन बघता उडी पाव फेऱ्यावर होती, डाउनग्रेड म्हणणं चूक." एवढं पुरे. स्पष्टीकरणाचे चार परिच्छेद नकोत, आणि "पण तरीही" तर अजिबात नको. माझ्या त्या लुट्झ-टो लूपच्या वेळी मी "पण तरीही" लिहिलं होतं. पुढचे आठ दिवस त्या दोन शब्दांवरच चर्चा झाली.